आई असल्याचा दाखला

माझ्या आईला ती स्वतःच्या मुलीची आई आहे हे सिद्ध करायला तीन आठवडे लागले. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय आणि ऐकणारा दर वेळी आधी हसतो. पहिल्या दिवशी मीही हसलोच होतो. दुसऱ्या दिवशी हसू आटलं. तिसरा आठवडा संपताना माझी जी अवस्था झाली तिला काय म्हणतात ते मला अजून नीटसं सांगता येत नाही. लहान मुलाला पहिल्यांदा देवळाच्या गाभाऱ्यात उभं केलं की त्याचं होतं, तसं काहीतरी.

महामारीचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन परदेशी गेलेली, आता तिकडचीच नागरिक. देश कुठला ते लिहीत नाही. इतकंच सांगतो की डिसेंबरात आम्ही मुलुंडकर हौसेने स्वेटर काढतो तेव्हा तिकडे लोक पंखे लावून बसतात. त्या देशाने दीड वर्ष आपली दारं लावून घेतली होती. स्वतःच्या नागरिकांनाही सहजी आत घेत नव्हते, तिथे पाहुण्यांची काय कथा! आणि नेमकी त्याच काळात, चाळिशीला टेकलेली असताना, दोनदा पोटातलं मूल गमावल्यानंतर, बहीण पुन्हा गरोदर राहिली.

त्या दोन्ही वेळी आई तिच्याजवळ नव्हती. दुसऱ्या वेळी तर विमानंच बंद होती. बहीण तशी खमकी, रडगाणं गाणारी नव्हे. पण सातव्या महिन्यात तिने फोनवर सरळ सांगितलं, "अरे, डॉक्टर आहेत, नवरा आहे, सगळं आहे. पण या वेळी आई पाहिजे. काही झालं तरी ती घरात असताना होऊ दे. बस." ती रडली नाही. तिने फोन ठेवल्यावर मी मात्र न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

नोव्हेंबरात त्या देशाने दार किलकिलं केलं. तोवर त्यांच्या लेखी जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको आणि लेकरं. आता त्यांनी नागरिकांच्या आईवडिलांनाही जवळचे मानायचं ठरवलं. आई ही जवळची नातेवाईक असते, हे ठरवायला एका सरकारला दीड वर्ष लागलं, म्हणून माझी बायको खूप हसली. वडील जाऊन सहा वर्षं झालेली, तेव्हा प्रश्न एकट्या आईचा होता. व्हिसा तिच्याकडे आधीपासून होता, पण आता त्यावर खास परवानगी लागणार होती. त्यासाठीच्या अटी मी छापून घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवल्या. लशीचे दोन्ही डोस आणि त्याचं पासपोर्ट नंबर असलेलं प्रमाणपत्र. विमान सुटण्याआधीच्या बहात्तर तासांतला तपासणीचा अहवाल. प्रवासाचं घोषणापत्र. उतरल्यावर तीन दिवस घरातच एका खोलीत वेगळं राहण्याचं लेखी वचन. आणि सगळ्यात आधी, ही बाई खरोखरच आमच्या नागरिकाची आई आहे याचा पुरावा: मुलीचा जन्मदाखला, त्यावर आईचं नाव.

माझा धंदाच कागदांचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी पंधरा वर्षं निर्यातीची कागदपत्रं करतोय. माझी एकही पेटी आजवर कागदाच्या चुकीने बंदरात अडकलेली नाही, आणि ही फुशारकी मी संधी मिळेल तिथे मारतो. आमचा कारखाना विमानतळाच्या अगदी कुशीत. पहिल्या टाळेबंदीनंतर कामावर गेलो तेव्हा वरचं आकाश इतकं गप्प होतं की लेथ यंत्राचा आवाज परका वाटायचा. मग एकेक विमान परतू लागलं. घरघर ऐकली की आम्ही सगळे, मालकासकट, अंगणात येऊन माना वर करायचो. पंधरा वर्षं ज्या आवाजाला शिव्या घातल्या तोच कान देऊन ऐकत होतो. तेव्हा, आईचे कागद करायचे म्हटल्यावर मी बाह्या सरसावल्या. बहिणीला म्हणालो, "ताई, तू फक्त पाय वर करून बस. आई पोचली समज."

लशीच्या प्रमाणपत्रात थोडं घोडं अडलं. त्यावर नुसतं जन्मसाल होतं, त्यांना पूर्ण तारीख हवी होती. आईची तारीख एक जून. आमच्या मामाचीही एक जून आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचीही एक जूनच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं. पण पासपोर्टवरही तीच तारीख असल्याने ते निभावलं. उरला जन्मदाखला.

मी जन्मलो मुलुंडच्या प्रसूतिगृहात. पण बहीण पहिली, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा न मोडणारा रिवाज. त्यामुळे तिचा जन्म तळकोकणात, आईच्या माहेरच्या घरात झालेला. तिची शाळा, कॉलेज, पासपोर्ट, सगळं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पार पडलं होतं. जन्मदाखला असा कुणी कधी मागितलाच नव्हता. आधी मी तिच्या जुन्या भारतीय पासपोर्टची प्रत जोडून अर्ज केला, कारण त्यावर आईचं नाव होतं. आठवड्याने उत्तर आलं: पुरावा अपुरा, जन्माची नोंद सादर करावी. बाळंतपणाला तेव्हा चार आठवडे होते.

मामाला फोन केला. मामा सत्तरीचा, पण दुसऱ्याच दिवशी मास्क लावून ग्रामपंचायतीत जाऊन बसला. जुनी नोंदवही कपाटाच्या तळातून निघाली. दुपारी त्याने उताऱ्याचा फोटो पाठवला. मी कारखान्यात डबा खात होतो. बाळाची तारीख बरोबर, गाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. आईच्या रकान्यात भलतंच नाव.

मी मामाला फोन लावून म्हटलं, "मामा, हा दुसऱ्याच कुणाचा तरी उतारा आहे." मामा म्हणाला, "अरे, तुज्याच आयशीचा आसा." मला वाटलं म्हाताऱ्याला दिसत नाहीये. त्याला चष्मा लावून पुन्हा वाच असंही मी म्हणालो, त्याची आज लाज वाटते.

संध्याकाळी घरी येऊन मोबाइल आईपुढे धरला. ती तांदूळ निवडत होती. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला, स्क्रीन आधी जवळ आणि मग लांब धरली. मग म्हणाली, "माजाच नाव."

मी चाळिशी गाठत आलेला माणूस. माझ्या आईला लग्नाआधी दुसरं नाव होतं हे मला माहीत नव्हतं. म्हणजे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला काय माहीत नव्हतं? कितीतरी लग्नांत मी पाहिलंय, ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि पुढच्या पंगतीची घाई सुरू होते. पण आपल्या आईच्या वेळीही असं ताट मांडलं गेलं असेल, हा विचार मला एकदाही शिवला नाही. माहेरी तिला सगळे ‘बाय’ म्हणत. वडील तिला नावाने हाकच मारत नसत. रेशनकार्ड, बँक, पासपोर्ट, सगळीकडे तांदळातलं नाव. दुसऱ्यांचे कागद तपासून पोट भरणाऱ्या माझ्या घरातच दिव्याखाली अंधार होता.

मामाकडून कळलं ते असं. बहीण जन्मली तेव्हा नोंद करायला आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, स्वतः चालत पंचायतीत गेले. ग्रामसेवकाने विचारलं, बाळाच्या आईचं नाव? त्यांनी आपल्या मुलीचं नाव सांगितलं. त्यांनीच बारशाला ठेवलेलं. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिचं नाव बदलल्याचं त्यांना ठाऊक होतं, ते मांडवात समोरच उभे होते. पण विचारल्यावर तोंडातून तेच नाव आलं.

माझ्या दृष्टीने ही चूक होती, आणि चुकीला दुरुस्ती असते. मामा म्हणाला, "ग्रामसेवक म्हणता, अर्ज केलास तर धा दिवसात सुधारून दितलो." मी लगेच अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलंच वाक्य आईला वाचून दाखवलं: "सदर नोंदीत मातेचे नाव चुकीचे लिहिले गेले असून..."

"थांब," आई म्हणाली. आई एरवी आमच्याशी आमच्यासारखंच, मुंबईचं मराठी बोलते. मालवणी बाहेर येतं ते माहेरचा फोन असला की, चिडली की, नाहीतर मनाला काही लागलं की. "चूक? चूक खंयची? माज्या बापाशीन माका ज्या नावान हाक मारल्यान, ताच लिवल्यान. तेका माज्या समोर चूक म्हणू नको."

"आई, पण कागद जुळत नाहीत!"

"नाय तर नाय. मी तां खोडूक देवचंय नाय."

मी भडकलो. मला राग चटकन येतो आणि तो आला की मी फार शहाण्यासारखं बोलतो, हे माझ्या बायकोचं मत. मी आईला सुनावलं की तिकडे ताई एकेक दिवस मोजतेय, आणि तू बेचाळीस वर्षं न वापरलेल्या नावासाठी अडून बसलीस. परवानगी नाही मिळाली तर तिला काय सांगू? की आईला यायचं होतं पण नाव आडवं आलं? आई ताटातले तांदूळ निवडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीकडे जायला मी दुसऱ्या कुणाची तरी होऊन जाऊ का? तिला जन्म दिला तेव्हा माझं नाव ते होतं. खरं ते लिही, आणि काय होईल ते होऊ दे."

बायकोने माझ्या पुढ्यातून मसुदा काढून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही तो फॉर्म एकदा पूर्ण वाचा ना. नेहमी पहिल्या पानावरच भांडता."

वाचला. आणि तिसऱ्या पानावर, पासपोर्ट नंबराच्या खाली, एक रकाना होता. आधीच्या अर्जात मी तो न वाचताच ‘नाही’ करून टाकला होता. तुम्हाला आजवर आणखी कोणत्या नावाने ओळखलं गेलं आहे का? असल्यास ते नाव लिहा. नाव बदलल्याचं कारण लिहा.

मी ते मराठीत करून आईला सांगितलं. तिने निवडायचं थांबवलं.

"ते असां विचारतत?"

"हो."

"सगळ्यांका?"

"सगळ्यांना."

ती खिडकीकडे बघत बसली. तिथे बघण्यासारखं काही नाही, समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे. मग हळूच म्हणाली, "हांगा माका कोणी इचारुक नाय रे." इथे मला कुणी विचारलं नाही. सासरी, रेशनच्या दुकानात, बँकेत, मुलांच्या शाळेत, बेचाळीस वर्षांत कुणीच नाही. आणि विचारलं कुणी, तर हजारो मैलांवर बसलेल्या, तिला कधी न पाहिलेल्या एका सरकारच्या छापील कागदाने. त्यांनी काही मोठ्या मनाने विचारलं नव्हतं हे मलाही कळतं. त्यांना चोर पकडायचे होते. पण तो रकाना मी बोट ठेवून पुन्हा एकदा, अक्षर न् अक्षर वाचला.

कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं. आई म्हणाली, "लिही, लग्नात बदललं." मी तसंच लिहिलं.

पुरावे जमवायला सहा दिवस गेले. एसटीचा संप चालू होता, त्यामुळे मामाने मूळ उतारा, आईचा सातवीचा शाळेचा दाखला आणि तिच्या लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका एका खासगी बसच्या ड्रायव्हरकडे दिली. सकाळी साडेसातला ऐरोलीच्या टोलनाक्यावर मी ते पाकीट घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, "काय आहे एवढं? मामा चार वेळा फोन करून विचारतायत." मी म्हटलं, "माझी आई आहे." त्याला विनोद वाटला असावा.

मग मुलुंडच्या कोर्टाबाहेरचा नोटरी. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच्याकडे तयारच असतं, नुसती नावं भरायची. त्याने सांगितलं, रोज अशा चार बायका येतात. प्लास्टिकच्या पडद्याआडून त्याने कागद सरकवला आणि आईला सही करायला सांगितलं. आईने पासपोर्टवरची सही केली. पेन उचललं, आणि पुन्हा टेकवलं. तिच्या खाली, हळूहळू, एकेक अक्षर लिहीत, तिने दुसरं नाव लिहिलं. शाळेतल्या मुलीचं गोल, सुटं अक्षर. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, पट्टीने मारल्यासारखी सरळ.

"मावशी, एकच सही पुरे," नोटरी म्हणाला.

"दोघींची घ्या," आई म्हणाली.

नोटरीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही सह्यांवर शिक्का मारला. मी शेजारी उभा होतो. मी माझ्या आईला जन्मभर पाहत आलोय, तिच्या हातचं खातोय, तिच्याशी भांडतोय. पण ते अक्षर मी पहिल्यांदा पाहत होतो. ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "कशाला? ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं."

दुसरा अर्ज गेला. त्यानंतरचे पाच दिवस मी कारखान्यात दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघायचो. आई बाहेर जाणं बंद करून घरात बसली होती, लागण नको म्हणून. डिंकाचे लाडू तिने तरीही केले. दूध-तूप, बिया, कसलंही घरचं खाणं त्या देशात नेण्याबद्दल एवढे नियम होते की मी ते वाचूनच हात टेकले. शेवटी ते बाळंतिणीचे लाडू आम्ही दोघं नवरा-बायकोने खाल्ले.

सहाव्या दिवशी परवानगी आली. दोनच ओळींचं पत्र. पण पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत, पासपोर्टवरचं नाव, आणि त्यापुढे, ‘या नावानेही ओळखली जाणारी’ असं म्हणून दुसरं नाव. दोन्ही सारख्याच आकाराची. कुणातरी परक्या माणसाने, कुठल्याशा कचेरीत बसून, मामाच्या गावच्या नोंदवहीचं भाषांतर वाचलं होतं, सातवीचा दाखला पाहिला होता, लग्नपत्रिका पाहिली होती, आणि मान्य केलं होतं की या दोघी एकच आणि हीच त्या मुलीची आई. मी कारखान्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. वरून एक विमान उतरत होतं, त्याची चाकं बाहेर आलेली. एवढं अवजड धूड हवेत कसं राहतं हे आश्चर्य मला लहानपणीच वाटून संपलं होतं. त्या दिवशी ते पुन्हा वाटलं, आणि त्यात बसलेल्या दर माणसामागे किती जणांनी किती कागद वाचले असतील याचंही वाटलं.

पुढचं सगळं बहात्तर तासांचं. घरी येऊन एक मुलगी, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखात, आईच्या नाकात काडी घालून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अहवाल आला आणि बायकोने तो आधी देवापुढे ठेवला. विमान त्याच रात्रीचं होतं. विमानतळाच्या दारापलीकडे आम्हाला सोडत नव्हते. आईने मास्क, त्यावर काचेसारखी प्लास्टिकची ढाल, आणि छातीशी माझी फाइल धरलेली. ती आयुष्यात एकदाच विमानात बसली होती, तेही माझ्या वडिलांबरोबर. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने तिला नेलं. तिने वळून पाहिलं नाही, कारण तिला वाटलं वळलं तर कागद खाली पडतील. हे तिने नंतर सांगितलं. दीड तासाने फोन आला. "झाला," एवढंच म्हणाली. काउंटरवरच्या मुलीने सगळी पानं वाचली, आणि दोन नावं का म्हणून विचारलंही. आईने सांगितलं, लग्नात बदललं. ती मुलगी म्हणे हसली आणि म्हणाली, माझंही.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. बहिणीने सांगितलं तसं लिहितो.

आई पोचली ती सरळ मागच्या खोलीत गेली. जावयाने तिथे किटली, भाताचा कुकर, दूध, फळं असं सगळं आधीच मांडून ठेवलं होतं. तीन दिवस तिथेच राहायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी, ती निर्दोष आली की मोकळी. बहिणीने तिला फक्त अंगणातून, काचेतून पाहिलं. तारखेला अजून बारा दिवस होते, म्हणून दोघीही निर्धास्त होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलने सांगितलं, कळा जवळजवळ येऊ देत, मग या. नवरा बॅग भरायला धावला. आणि माझी खमकी बहीण बोळात जाऊन आईच्या दाराला टेकून जमिनीवर बसली. म्हणाली, "आई, दार उघड."

"नाही उघडणार."

"आई, प्लीज. मला भीती वाटतेय."

"माझ्याकडून तुला काही लागलं तर बाळ तुझ्यापासून लांब ठेवतील. मी सही करून आलेय. नाही उघडणार." मग आतून सरकल्याचा आवाज आला. आईही पलीकडून दाराला पाठ लावून बसली होती. "पण मी हंयच आसंय. उठूचंय नाय."

तीन तास त्या दोघी तशा बसल्या. मध्ये लाकडाची एक फळी. कळ आली की बहीण हाक मारायची, "आई?" आणि आतून उत्तर यायचं, "आसंय." कळ ओसरली की आई तिला तिच्याच जन्माची गोष्ट सांगायची. माहेरच्या काळोख्या खोलीत ती कशी पडली होती, सुईण कशी ओरडत होती. तेव्हा पुरुषांनी आत यायचं नसे. आजोबा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पडवीत उभे होते, आणि दर थोड्या वेळाने बंद दाराबाहेरून तिला नावाने हाक मारत होते. तिने ओ दिली की गप्प होत. पुन्हा मारत. सासरचं नाव तेव्हा त्यांना आठवलं नसेल, किंवा आठवून घ्यायचं नसेल. चार दिवसांनी तेच नाव घेऊन ते पंचायतीत गेले.

सहाच्या सुमारास बहीण हॉस्पिटलला गेली. आईने गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकला. घर रिकामं झालं. पुढचे दोन दिवस त्या घरात आईशिवाय कुणी नव्हतं. जावई तिकडेच होता. स्वयंपाकघर दहा पावलांवर, बाळासाठी लावलेली खोली त्याच्याही अलीकडे, आणि बघायला चिटपाखरू नाही. आई खोलीबाहेर आली नाही. मी तिला नंतर विचारलं, निदान बाळाची खोली तरी बघायचीस, कुणाला कळणार होतं? ती म्हणाली, "लिहून दिलं होतं ना." बहात्तर तास म्हणजे बहात्तर तास. मुलगी झाल्याचं तिला फोनवर कळलं, फोटोही त्या बंद खोलीतच पाहिला.

बहात्तर तास संपले त्या दुपारी आईचा अहवाल निर्दोष आला, आणि तासाभराने बहीण बाळाला घेऊन घरी आली. दोघींची दारं एकदमच उघडली म्हणायची. जावई मोबाइलवर व्हिडिओ घेत उभा, आजी-नातीची पहिली भेट टिपायला. बाळ पुढ्यात, जावयाच्या दुसऱ्या हातातल्या झोळीसारख्या खुर्चीत. चाळीस वर्षांच्या वाटेने, दोन नावांनिशी, समुद्र ओलांडून आलेली माझी आई खोलीतून बाहेर आली आणि बाळाच्या शेजारून सरळ पुढे गेली.

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात बाळ जवळपास नाहीच. आईचे दोन हात दिसतात, त्यांत बहिणीचा सुजलेला, दमलेला चेहरा, आणि आईचा आवाज ऐकू येतो:

"बाय माजे, तू कशी आसस?"